साठ पायल्या लाह्या

पायलीत किती किलो बसतात, हा प्रश्न वरच्या घरात त्या श्रावणापर्यंत कुणालाही पडला नव्हता. पायली ती पायली. शेतातलं भात तिने मोजायचं, तांदूळ तिने मोजायचे, कुळीथ तिने मोजायचे आणि गोकुळाष्टमीच्या दुसऱ्या दिवशी मुरलीधराच्या देवळात काला होतो, त्याच्या लाह्याही तिनेच मोजायच्या. साठ पायल्या. वरच्या घराने घरच्या भाताच्या लाह्या घरच्या कढईत फोडायच्या आणि वाजतगाजत देवळात नेऊन द्यायच्या, हा त्या घराचा मान. आमच्या रत्नागिरीकडे माणूस एकवेळ जमिनीचा तुकडा भावाला सोडून देईल, मान सोडणार नाही.

पण यंदा लाह्या फोडणाऱ्या विमलाबाईच गोठ्याच्या पायरीवर घसरल्या आणि उजवा हात प्लास्टरमध्ये घालून बसल्या. मुंबईहून मुलगा दीपक आणि सून दर्शना रजा काढून आले. दर्शनाला मायक्रोवेव्हमध्ये मक्याच्या लाह्या फोडता येत होत्या, पण तेवढ्याने देवाचं भागणार नव्हतं आणि हे तिने स्वतःच आधी सांगून टाकलं. शेवटी सावर्ड्याच्या एका भट्टीवाल्याकडून लाह्या आणवायचं ठरलं. गावकीनेही हरकत घेतली नाही. लाह्या कुठेही फुटोत, देवळात त्या वरच्या घरातून आल्या म्हणजे झालं.

"किती सांगू?" दीपक फोन हातात घेऊन ओटीवर उभा राहिला.

"साठ पायल्या," त्याचे वडील भागोजी झोपाळ्यावरून म्हणाले.

"बाबा, तो किलोवर देतो."

"म्हंजे?"

"म्हणजे वजनावर."

भागोजींनी पाय टेकून झोपाळा थांबवला. "लाह्या वजनावर? लाह्यांना वजन असता?"

हा प्रश्न घरातल्यांनी जरा वेळ धरून ठेवला असता, तर पुढचं काहीच घडलं नसतं. पण दीपक मुंबईत एका औषधांच्या कंपनीच्या गोदामात होता. तिथे वजन झाल्याशिवाय खडूसुद्धा आतबाहेर होत नाही. ज्याला वजन नाही अशी वस्तू जगात आहे, ही कल्पनाच त्याला सहन होत नसे. गेल्या दिवाळीला त्याने आईला एक डिजिटल काटा भेट दिला होता. विमलाबाईंनी तो मोठ्या कौतुकाने ठेवून घेतला होता आणि त्यावर त्या दुधाचं पातेलं ठेवत असत, खाली मुंग्या लागू नयेत म्हणून.

"आणि कमी पडता कामा नये," भागोजी म्हणाले. "येवढा ध्यानात ठेव."

कमी पडण्याची धास्ती उगीच नव्हती. गेल्या वर्षी पावसाने भात पोचट निघालं होतं, निम्म्याअधिक लाह्या फुटल्याच नव्हत्या आणि काल्याच्या शेवटच्या रांगेतल्या पोरांच्या हातावर नुसते दहीपोहे पडले होते. देवळात त्या वेळी जी शांतता पसरली, ती भागोजी अजून विसरले नव्हते. खालच्या घरातले त्यांचे लांबचे चुलतभाऊ भिकाजी तर असा क्षण यावा म्हणून चाळीस वर्षं थांबले होते. हा मान मूळचा खालच्या घराचा, आपल्या आजोबांकडून वरच्यांनी तो गोड बोलून काढून घेतला, असं ते दर गावकीला सांगत. आजवर कुणी ऐकत नव्हतं. गेल्या वर्षी मात्र ऐकलं, आणि गावकीने ठरवलं की यंदा जर लाह्या पुन्हा कमी पडल्या, तर पुढच्या वर्षापासून मान खालच्या घराकडे जाईल. त्या दिवसापासून भागोजींना जेवण गोड लागत नव्हतं.

"कमी पडणार नाहीत," दीपक म्हणाला. "आपण शास्त्रशुद्ध करू. आई, पायली आण."

पायली आली. लाकडी, कडेला पितळेची पट्टी मारलेली, हात लागून लागून गुळगुळीत झालेली. दुधाचं पातेलं खाली उतरलं आणि काटा ओटीच्या मधोमध मांडला गेला. आता पायलीत लाह्या भरून वजन केलं असतं तर प्रश्नच नव्हता, पण घरात लाही औषधालासुद्धा शिल्लक नव्हती. म्हणून दीपकने तांदूळ मागवले.

"तांदूळ कशाला?" दर्शनाने विचारलं.

"अगं, लाह्या कशाच्या? भाताच्याच ना? दाणा फुटला म्हणून त्याचं वजन वाढतं का?"

"नाही."

"झालं तर."

फुटल्याने दाण्याचं वजन वाढत नाही, हे अगदी खरं आहे. त्या दुपारी ओटीवर बोलल्या गेलेल्यांपैकी ते सगळ्यात खरं वाक्य होतं आणि सगळा घात त्यानेच केला.

विमलाबाईंनी डाव्या हाताने पायलीत तांदूळ ओतले आणि सवयीने "लाभ" म्हणाल्या. पहिल्या मापाला एक म्हणायचं नाही, लाभ म्हणायचं, पुढचं मग दोन, तीन. दीपकने वरून हात फिरवून पायली सपाट केली तशा त्या खवळल्याच.

"अरे, हात काय मारतंस? देवाची पायली शिगोशीग भरतात!"

पुन्हा तांदूळ ओतले गेले. पायलीच्या तोंडावर तांदळाची टोकदार शीग उभी राहिली. एकही दाणा सांडू न देता भागोजींनी श्वास रोखून पायली काट्यावर ठेवली. लाल आकडे भिरभिरले आणि थांबले. दीपकने लाकडाचं वजन वजा केलं.

"चार किलो चारशे ऐंशी ग्रॅम," तो म्हणाला.

भागोजी वाकून वाकून त्या आकड्यांकडे बघत राहिले. जन्मभर जी हातात खेळवली, ती पायली पोटात हे एवढं सगळं बाळगून होती आणि कधी एका शब्दाने बोलली नाही! चार किलो झालं, चारशे झालं, वर आणखी ऐंशी! त्यांनी नकळत हात जोडले.

"आणि मी जर सपाट पायली धरली असती ना," दीपक म्हणाला, "तर साठ पायल्यांना चाळीस किलोंचा फरक पडला असता. चाळीस! शीग विसरलो असतो तर मेलो होतो."

"बघा," विमलाबाई नवऱ्याला म्हणाल्या. "शिकलेला बरा असता."

साडेचार गुणिले साठ, दोनशे सत्तर. वर तीस, कमी पडू नयेत म्हणून. तीनशे किलो. दर्शनाला मात्र काहीतरी खुपत होतं. "तीनशे किलो म्हणजे तांदळाच्या सहा गोणी झाल्या," ती म्हणाली. "एवढ्या लाह्या? लाह्या हलक्या असतात हो."

"एक लाही हलकी असते. साठ पायल्या हलक्या असतात का?" दीपकने विचारलं. तरी तो न्यायी माणूस, त्याने पडताळा घ्यायचं ठरवलं. "आई, तू दरवर्षी साठ पायल्या लाह्या फोडतेस, त्या किती गोणी होतात?"

विमलाबाईंनी डोळे मिटून मनातल्या मनात गोणी उभ्या केल्या. "पाच. पाच-सा. शिगेच्या धरल्या तर साच."

"सहा!" दीपकने दर्शनाकडे बघितलं. "हिशोब दोन्ही बाजूंनी जुळतो."

दोन्ही बाजूंनी जुळणाऱ्या हिशोबापुढे कोण काय बोलणार? दीपकने सावर्ड्याला फोन लावला. तीनशे किलो म्हटल्यावर पलीकडे बराच वेळ काही ऐकू येईना. फोन कटला की काय म्हणून दीपक हॅलो हॅलो करू लागला.

"तीनशे?" शेवटी भट्टीवाला हळू आवाजात म्हणाला. "लाह्याच ना? कुरमुरे नव्हेत?"

"लाह्या. मापून घेतलंय आम्ही."

"कसला कार्य आहे हो एवढा?"

"देवाचं."

"मग बाकीच्यांना नाय सांगतो," भट्टीवाला म्हणाला. त्याचा आवाज आता देवळात असल्यासारखा झाला होता. "आठवडाभर भट्टी तुमचीच."

अष्टमीच्या दुपारी ऊन पडलं होतं. खालच्या घराच्या अंगणाला लागूनच गावाचा रस्ता जातो आणि तिथूनच चिऱ्यांच्या पायऱ्यांची पाखाडी वर भागोजींच्या घराकडे चढते. भिकाजी ओटीवर सुपारी कातरत बसले होते. वरच्यांच्या लाह्या किती येतात ते मोजायचं, असा त्यांचा साधा बेत होता. तेवढ्यात वळणावर फांद्या मोडल्याचा आवाज झाला आणि टेम्पो दिसू लागला. खरं म्हणजे आधी टेम्पो दिसलाच नाही. आधी नुसती पोती दिसली, केबिनच्या वर, त्याच्याही वर, दोन्ही अंगांनी बाहेर आलेली, आडव्यातिडव्या दोरांनी बांधलेली. पुढच्या काचेवर अडकलेल्या आंब्याच्या डहाळीतून ड्रायव्हर नासिरचं तोंड मग दिसलं. भिकाजींच्या हातातला अडकित्ता उघडाच राहिला.

भागोजी, दीपक आणि वाडीतली माणसं पाखाडी उतरून आली. पोत्यांच्या त्या भिंतीसमोर सगळे उभे राहिले. तीनशे किलो पाखाडीवरून चढवायचे म्हणून भागोजींनी वाडीतले चार धट्टेकट्टे गडी आधीच सांगून ठेवले होते. ते पुढे झाले, एकेकाने पोत्याचा एकेक कोपरा धरला, गुडघे वाकवले.

"दमान!" भागोजी ओरडले. "कंबर सांभाळा! हां, बोला, मुरलीधर महाराज की..."

"जय!" म्हणून चौघांनी सगळा जोर लावला आणि पोतं त्यांच्या हातातून सुटून सरळ वर गेलं. सगळ्यांच्या माना त्याच्याबरोबर वर गेल्या. भिकाजींच्या पडवीच्या कौलांवर ते अलगद टेकलं आणि तिथेच बसून राहिलं. चौघेही गडी मागच्या मागे पडले होते आणि आपल्या रिकाम्या हातांकडे बघत होते.

"काका, ताकद नका लावू," नासिर खाली उतरत म्हणाला. "नुसती हवा हाय. निवळीच्या घाटात मी दोनदा उतरून बघितला, माल हाय का उडाला." त्याने एका हाताने दोन आणि दुसऱ्या हाताने दोन पोती उचलली आणि शीळ घालत पाखाडी चढू लागला.

दीपकने जवळच्या पोत्यावर हात फिरवला. त्यावर खडूने मोठा पाच लिहिलेला होता. शेजारच्यावरही पाच. त्याने पोती मोजली, मग उलट्या बाजूने पुन्हा मोजली. साठ होती.

"दीपक," भागोजी त्याच्या कानाशी आले. "चुकला काय रे काय?"

"नाही बाबा." "साठ पाचे तीनशे. वजन अगदी बरोबर आहे."

वजन बरोबर होतं, हेच तर भयंकर होतं. सहा गोणी लाह्या म्हणजे किती किलो, ते त्याला आता, त्या रस्त्यावर उभ्या उभ्या, कुणी न सांगता उमगलं. वीससुद्धा नव्हेत. दाण्याचं वजन फुटून वाढत नाही, पण दाणा केवढा होतो! त्याला स्वतःची लाज वाटायला हवी होती आणि ती वाटतही होती, पण तिच्या आधी त्याला वाटलं ते निराळंच. सगळा वेळ भाताच्या एवढ्याशा दाण्यात हे एवढं मोठं काहीतरी दडून बसलेलं असतं आणि आपण त्याला पायली म्हणतो, किलो म्हणतो!

त्याला फार वेळ विचार करायला मिळाला नाही, कारण डोंगरापलीकडून सर येताना दिसू लागली.

"अरे, सादळतील!" विमलाबाई वरून ओरडल्या. "लाह्या सादळतील! आत घ्या!"

लाहीला पाण्याचा थेंब लागला की तिची चामडी होते आणि चामड्याचा काला देवसुद्धा खाणार नाही. मग जी धावपळ उडाली ती बघण्यासारखी होती. म्हातारी माणसं दोन-दोन पोती डोक्यावर घेऊन पोरांसारखी पायऱ्या चढत होती, आणि आपल्या अंगात एवढं बळ आलं कुठून म्हणून एकमेकांकडे बघत होती. वरच्या घराची ओटी भरली. पडवी भरली. माजघर भरलं, देवघर भरलं, माळ्यावर पोती गेली. भागोजींचा झोपाळा पोत्यांच्या मागे कुठे गेला तो दिसेना.

"दीपक, रे दीपक," घरातून विमलाबाईंचा आवाज आला.

"आई, कुठे आहेस?"

"सैपाकघरात. पण दार नाय दिसत."

दर्शनाने चार पोती ओढून सासूला बाहेर काढलं. तोवर सर पाखाडीच्या तोंडाशी येऊन पोचली होती आणि टेम्पोत अजून निम्मा माल होता. भागोजींनी खाली बघितलं. जवळात जवळ, कोरडी, लांबरुंद अशी एकच पडवी होती, आणि तिच्या कौलांवर त्यांचं एक पोतं आधीच बसलं होतं. भागोजी पायऱ्या उतरले. चाळीस वर्षांत त्या अंगणात त्यांनी पाऊल टाकलं नव्हतं.

"भिकाजी," ते म्हणाले. "देवाच्या लाह्या हायत."

भिकाजी वरच्यांच्या लाह्या कमी पडतात का ते बघायला बसले होते, हे त्या क्षणी ते स्वतःच विसरले होते. त्यांनी पडवीचं दार उघडलं आणि स्वतः शिडी लावून कौलांवरचं पोतंही उतरवून घेतलं. पोती आत रचली गेली, छताला टेकली. बाहेर पाऊस कोसळू लागला आणि आत त्या बंद पडवीत ताज्या लाह्यांचा वास दाटला, गरम वाळूचा आणि नव्या भाताचा. दोघे चुलतभाऊ त्या वासात शेजारी शेजारी उभे राहिले.

"भागोदा," भिकाजींनी हळूच विचारलं, "हा सगळा काल्याला?"

आता खरं सांगायची वेळ होती. पण गेलं वर्ष भागोजींच्या डोळ्यांपुढे होतं. हिशोब चुकला म्हणावं, तर वरच्यांना आता लाह्यासुद्धा मोजता येत नाहीत, अशी बोंब उद्या गावभर झाली असती आणि मान गेला असता.

"देवाचा देवाला," ते म्हणाले आणि वर छताकडे बघितलं.

दीपक तोवर फोनवर दह्याचा हिशोब करायला लागला होता. आई साठ पायल्यांना किती दही घेते, ते त्याने विचारून घेतलं होतं. सहा गोणींना एक मोठा हंडा, तर तीनशे किलोंना किती, असं तो पुटपुटत होता. दर्शनाने त्याच्या हातातून फोन काढून घेतला आणि आपल्या पर्समध्ये टाकला.

"दोन दिवस आता काही मोजू नका," ती म्हणाली. तिने दही आणलं एकच हंडा, दरवर्षीएवढं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ढोल-ताशे वाजवत पोती देवळात निघाली. देवाच्या नावाने आणलेलं माघारी न्यायचं नाही, ही रीत. त्यामुळे सगळीच्या सगळी न्यावी लागली. मिरवणुकीचं पुढचं टोक देवळात पोचलं तेव्हा शेवटची पोती अजून भिकाजींच्या पडवीतून बाहेर पडत होती. पहिलं पोतं सोडून लाह्या मुरलीधरापुढे ओतल्या. मग दुसरं. दहा पोती झाली तोवर पोरं हसत होती. वीस झाली तेव्हा हसू थांबलं. पुढे बायकांनी बोलणं थांबवलं, ढोलवाल्याचा हात थांबला आणि देवळात नुसता एकच आवाज उरला, लाह्यांवर लाह्या पडण्याचा, अगदी बारीक, खुसखुस करणारा.

शेवटचं पोतं ओतायला शिडी लावावी लागली. सभामंडपाच्या मधोमध, खांबांच्या मध्ये, वर टांगलेल्या दहीहंडीच्या बुडापर्यंत पोचलेला एक पांढराशुभ्र डोंगर उभा होता. समोरच्या झरोक्यातून ऊन आलं आणि त्या डोंगराच्या एका अंगावर पडलं. लाख लाख लाह्या उमललेल्या, एकीसारखी दुसरी नाही, आणि एकही कुणी हाताने उमलवलेली नाही. देवाची मूर्ती मागे पार दिसेनाशी झाली होती, पण देव नाही असं कुणाच्या मनातही आलं नाही. मंडपात कुणी हालत नव्हतं. जोरात बोललं तर हे सगळं उडून जाईल, असं प्रत्येकाला वाटत होतं. दीपकने हा डोंगर मागवला होता, त्याचं वजन त्याला ठाऊक होतं, तरी त्याचेही डोळे भरून आले.

पहिला बोलला तो शिवा गुरव. घंटेखाली तो उघड्या अंगाने उभा होता. "गोवर्धन," तो म्हणाला. "देवानं गोवर्धन उचलला ता ऐकला होता. आज बघितला."

मग मात्र सगळे एकदम भानावर आले. काथवटीत दही पडलं, पोहे पडले, काकडी, आलं, मिरची, लिंबाचं लोणचं पडलं आणि लाह्या घमेल्या घमेल्याने आत जाऊ लागल्या. दही लागलं की लाही बसते, त्यामुळे काथवट भरत होती आणि पुन्हा रिकामी दिसत होती. सहा पोत्यांचा काला झाला. लोकांनी खाल्ला, पुन्हा रांगेत उभं राहून खाल्ला, शेवटच्या रांगेतल्या पोरांनी दोन्ही हातांनी खाल्ला. प्रत्येक घराने पिशव्या भरून कोरड्या लाह्या नेल्या. नासिरलाही चार पोती बांधून दिली आणि तो ती पूर्णगडला घेऊन गेला. एवढं सगळं होऊन डोंगराकडे बघितलं तर तो पोरांनी एका बाजूने खणल्यासारखा दिसत होता, एवढंच.

दुपारी तिथेच, त्या डोंगराच्या पायथ्याशी, गावकी बसली. भागोजींना कळत होतं की आता मानाचा विषय निघणार. लाह्या कमी पडल्या नव्हत्या, पण भिकाजी गप्प बसणारे नव्हते. आणि खरंच भिकाजी उठले. हातात नारळ होता.

"मी चाळीस वर्षा भांडलो," भिकाजी म्हणाले. "पन ह्या असा काय आमच्या घराच्यान झाला नसता. ह्या करायला निराळी छाती लागते. मान वरच्या घराचाच. देवासमोर नारळ ठेवून सांगतो, खालचा घर आजपासून हक्क सांगणार नाय."

त्यांनी नारळ भागोजींच्या हातात दिला. भागोजींनी चुलतभावाला कवटाळलं आणि दोघेही म्हातारे सगळ्यांसमोर रडले. विमलाबाईंनी डाव्या हाताने पदर डोळ्यांना लावला. दीपक दर्शनाच्या कानात म्हणाला, "बघ, शेवटी चांगलंच झालं ना?" दर्शना शिवा गुरवाकडे बघत होती.

शिवा गाऱ्हाणं घालायला उभा राहिला होता. गाऱ्हाण्यात जे देवाच्या कानावर घातलं जातं आणि ज्याला गाव होकार देतं, ते मग कुणालाही फिरवता येत नाही.

"बा देवा मुरलीधरा महाराजा!" शिवाने खणखणीत आवाज लावला.

"व्हय महाराजा!" गाव गरजलं.

"आज ह्या वरच्या घरानं तुझ्या पायाशी गोवर्धन उभा केला..."

"व्हय महाराजा!"

"तो आजच्यासारखाच, आजच्या येवढाच, दर वर्षाला, त्यांच्या पोराबाळांच्या, नातवापंतवांच्या हातून असाच उभा करून घे रे महाराजा!"

"व्हय महाराजा!"

सगळ्यात मोठा आवाज भागोजींचा होता. जन्मभराची सवय, शिवाचा श्वास संपला की ह्यांचा होकार सुटायचाच. तो सुटला, मंडपात घुमला, आणि मग त्याचा अर्थ हळूहळू त्यांच्यापर्यंत पोचला. त्यांनी डोंगराकडे बघितलं. मग दीपककडे बघितलं. दीपक खांबाला टेकून खाली बसला होता आणि बायकोकडे फोन मागत होता, ती देत नव्हती.

लोक पांगू लागले तसे भागोजी नारळ घेऊन भिकाजींच्या मागोमाग गेले आणि पायरीवर त्यांना गाठलं.

"भिकाजी, जरा थांब. एक सांगू? तुझा आजा बोलायचा, ता काय खोटा नव्हता."

"काय?"

"मान मूळचा तुमच्याच घराचा. मला आतून कायम वाटायचा."

भिकाजींनी मागे वळून मंडपातल्या त्या डोंगराकडे एकदा नीट बघितलं आणि दोन्ही हात जोडले. "छे छे, भागोदा. तुमचाच. आजाला म्हातारपणी काय आठवायचा नाय, कायपन बोलायचा."

जे वाक्य ऐकायला भागोजींचे कान चाळीस वर्षं आसुसले होते, ते भिकाजी देवळाच्या पायरीवर उभे राहून, हात जोडून, मनापासून म्हणत होते. आणि भागोजी रडकुंडीला येऊन, नारळ त्यांच्या हातात कोंबत, त्यांना समजावत होते, "असा नको रे बोलूस. घरी जा, शांत बस, नीट आठव."